कथेची बाजू आत

सर, तुमच्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे आणि ती खळीबद्दल आहे. पुस्तकाला कव्हर घालायला घड्या पुरतात. अवघं जग घड्या घालून भागवतं. तुम्ही मात्र आम्हा नववीच्या पोरांना स्टोव्हवर गव्हाच्या पिठाची खळ शिजवायला लावलीत, किडा लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद टाकलंत, आणि कव्हराची दुमडलेली कड पुठ्ठ्याला अशी चिकटवून घेतलीत की ती आज, माझे केस पांढरे झाल्यावरही, सुटायला तयार नाही. गेले कित्येक रविवार मी ओल्या फडक्यानं ती कड शेकतो आहे. केटलीची वाफ देतो, सुरीची बोथट बाजू अलगद आत सरकवतो, श्वास रोखून धरतो. बोटभर कागद सुटला की मोक्ष मिळाल्यासारखं वाटतं, आणि फाटला की पुनर्जन्म. आमच्या घरात या उद्योगाला ‘पुस्तकाची मलमपट्टी’ म्हणतात. संधी सोडवायला तुम्ही शिकवलंत, सर. खळ सोडवायला शिकवलं नाहीत. अभ्यासक्रमातली ही उणीव मी इथे लेखी नोंदवून ठेवतो.

तुम्हाला वाटेल, या वयात हा माणूस नववीच्या संस्कृतच्या पुस्तकाचं कव्हर कशाला सोडवत बसलाय. सर, कव्हराच्या आतल्या बाजूला तुम्ही आहात.

तुम्ही विसरला असाल तर आठवण करून देतो. आपल्या हिंगोलीत तेव्हा एक साप्ताहिक निघायचं. एकच मोठा कागद, मधोमध दुमडला की चार पानं. बाहेरच्या दोन पानांवर नगरपालिकेची भांडणं, कोर्टाच्या नोटिसा, बियाण्यांच्या जाहिराती. आणि आतली दोन पानं तुमची. सकाळी आम्हाला शब्दरूपं घोकायला लावणारा माणूस संध्याकाळी मंगळावर विहीर खणायचा, शनीच्या कड्यांवर बैलगाडी चालवायचा, आणि गुरुवारी ते छापून यायचं. शनिवारी सकाळची शाळा. शेवटच्या तासाला तुम्ही शर्टाच्या खिशातून घडी केलेला अंक काढता. चष्मा कपाळावर ढकलता, कारण जवळचं तुम्हाला चष्म्याशिवायच दिसतं. आम्ही बाक वाजवायचे थांबतो. बाहेर शिपाई घंटेखाली उभा असतो, पण त्यालाही ऐकायचं असतं म्हणून शनिवारची घंटा जरा उशिराच होते. इतर कथांमधले अंतराळवीर मुंबईहून निघत, नाहीतर थेट परदेशातून. तुमचा आपल्या जिल्ह्यातल्या साखऱ्याहून निघायचा, आणि यानात बसताना त्याच्या हातात भाकरीचं फडकं असायचं. माझ्यासारख्या मुलाला विश्वात आपलीही जागा आहे असं सांगणारं दुसरं काहीही त्या काळात छापून येत नव्हतं. हे वाक्य मी मुद्दाम जपून लिहिलं आहे. पुढे वाद घालताना लागणार आहे.

‘चंद्रावरची रब्बी’ ही तुमची शेवटची कथा. अनेक आठवडे चालली. साखऱ्याचा एक जवान गडी चंद्रावर जातो, कारण तिथली जमीन अजून कुणी नांगरलेली नाही, एवढंच त्याचं म्हणणं. ध्रुवाकडून बर्फाच्या लाद्या ओढून आणतो, वितळवतो, ज्वारी पेरतो. कणसं भरतात. मग तो विवराच्या काठावर उभा राहतो, वर निळी पृथ्वी लोंबते आहे, आणि तिच्याकडे बघून आईला हाक मारतो, ‘ए माय, ज्वारी आली वं!’ आणि इकडे साखऱ्यात, सुपात धान्य निवडणारी त्याची माय मान वर करते. तिथे कथा संपते. त्या शनिवारी घंटा झाली तरी वर्गातून कुणी उठलं नव्हतं.

पुढच्याच अंकात आपल्याच शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचं पत्र छापून आलं. चंद्रावर हवा नाही. हवा नाही तिथे आवाज जात नाही. शेजारी उभ्या माणसाला जी हाक ऐकू येणार नाही ती साखऱ्यात कशी पोचली? लेखक महाशयांनी आठवीच्या वर्गात येऊन बसावं, मागचा बाक रिकामा आहे. स्टाफरूममध्ये ते पत्र मोठ्यानं वाचलं गेलं म्हणतात. विज्ञानाच्या सरांचं बरोबर होतं, यात वाद नाही. पण पुढे संस्कृतातलं जुनं न्यायदर्शन वाचताना एके दिवशी मी एकटाच मोठ्यानं हसलो. त्या शास्त्रात शब्द, म्हणजे ध्वनी, हा वायूचा गुण नाही, आकाशाचा आहे. जिथे आकाश तिथे शब्दाला थारा. आणि चंद्रावर दुसरं काही नसलं तरी आकाश रग्गड आहे! म्हणजे तुम्ही आवाज पोचवलात तो बेफिकिरीनं नाही; एका शास्त्रात मुरलेला माणूस दुसऱ्या शास्त्राच्या अंगणात गेला आणि सवयीनं घरचाच तांब्या घेऊन पाणी प्याला. चूक ती चूकच. पण असली चूक करायला आधी तुमच्याइतकं वाचलेलं असावं लागतं. विज्ञानाच्या सरांना ती जन्मात करता आली नसती.

त्यानंतर तुमची एकही कथा आली नाही. शनिवारची घंटा वेळेवर व्हायला लागली. आणि जूनमध्ये, आम्ही नववीत गेल्यावर, तुम्ही जुन्या अंकांचा गठ्ठा काखेत घेऊन वर्गात आलात. ‘प्रत्येकानं एकेक घ्या. नव्या पुस्तकाला कव्हर घालायचं. कथेची बाजू आत.’ मी उभा राहिलो. ‘सर, कथा बाहेर ठेवली तर वाचता येईल.’ तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. ‘म्हणूनच आत. आज्ञार्थ शिकवलाय ना तुला? बस खाली.’ मी बसलो. खळ शिजत होती. तुमच्या विहिरी, तुमच्या बैलगाड्या, तुमचा चंद्र, सगळं आम्ही तुमच्या डोळ्यांदेखत पुठ्ठ्याला चिकटवून बंद केलं, आणि तुम्ही बाकांमधून फिरत कुणाची कड वाकडी झाली ते बघत होतात.

तुमची गफलत इथेच झाली, सर. साप्ताहिकाच्या कचेरीतले अंक कधीच वाळवीनं खाल्ले, मालक गेले, छापखान्याच्या जागी आता मोबाइलची दुकानं आहेत. लोकांच्या घरातले अंक ज्या कामी यायचे त्या कामी आले. पण तुम्ही जे लपवलंत त्याला ऊन लागलं नाही, हात लागला नाही, तुमच्याच मोरचुदानं किडाही लागला नाही. आणि मुख्य म्हणजे ते तुम्ही अशा वस्तूभोवती गुंडाळलंत जी आपल्याकडे कुणी रद्दीत घालत नाही. आमच्या वर्गाची गणितं गेली, भूगोल गेले, इंग्रजी तर परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच गेली. संस्कृतचं पुस्तक मात्र लोकांनी ठेवलं. वाचायला नव्हे. आत श्लोक आहेत, पाय लागला तर नमस्कार करायची वस्तू, ती भंगारवाल्याच्या काट्यावर कशी ठेवायची? म्हणून ती कोनाड्यात, फळीवर, ट्रंकेच्या तळाशी पडून राहिली, तुम्हाला पोटाशी धरून.

हे पहिल्यांदा कळलं ते माझ्या बाकावरच्या दोस्ताला. बांगडीवाल्यांचा मुलगा, आठवतो? ज्याचे विसर्ग ऐकून तुम्ही खूश व्हायचात आणि आम्हाला म्हणायचात, ‘ऐका, नीट ऐका, हा श्वास बघा.’ तो आता वडिलांच्याच दुकानात बसतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं घर बदललं आणि मला फोन केला. ‘पंडितजी, लवकर या. आपल्या सरचा चांद सापडला.’

गेलो. त्यानं गादीवर पुस्तक ठेवलं होतं. ‘अम्मीच्या संदुकीत व्हतं. मी म्हणलं काढून टाकू, तर अम्मी टाकूच द्यायची न्हाई. इल्म की किताब है, कायको फेकना? काल कव्हर फाटून राहिलं व्हतं म्हणून आत पाहिलं.’ मग तो उठून उभा राहिला, पोट सावरलं, आणि भर दुकानात तुमच्या आवाजात ओरडला, ‘ए माय, ज्वारी आली वं!’ बांगड्या भरायला बसलेल्या बाईनं दचकून हात मागे घेतला.

मी म्हणालो, ‘हा सरांचा आवाज नाही. सरांचा जाड होता.’

‘जाड? काय बोलून राहिले पंडितजी! पतला व्हता एकदम. बासरी.’

‘तुला विसर्गांचं कौतुक मिळालं म्हणून काय आवाजही तूच सांगणार?’

‘बराबर! माझ्याच कानाशी उभं राहून शिकवायचे ना.’

चहा येईपर्यंत आमचं त्यावरून चाललं. त्याच्या पुस्तकात चंद्राच्या कथेचा मधलाच एक भाग होता. मग मी वर्गातल्या एकेकाला शोधत निघालो. औंढ्याला देवळाबाहेर नारळ-प्रसादाचं दुकान असलेल्या एकानं पुस्तक लाल फडक्यात बांधून देवाच्या फोटोमागे ठेवलं होतं. सोडायच्या आधी त्यानं त्याला हात जोडले, आणि त्यात निघाला शनीवरचा बैलबाजार. कुणाकडे सुरुवात, कुणाकडे शेवट. कुणी म्हणालं, घेऊन जा. कुणी म्हणालं, इथेच बसून काय ते कर. मी पुस्तकाचा वैद्य झालो. केटली घेऊन लोकांच्या घरी जाणारा दुसरा संस्कृत शिक्षक या जिल्ह्यात नसावा.

आता या पानांचं मी काय करतो, ते सांगतो. पुण्यात काही मंडळी जुन्या मराठी नियतकालिकांचा डिजिटल संग्रह करतात. म्हणजे पानाचं नीट छायाचित्र काढून ते अशा ठिकाणी ठेवायचं की कुणालाही कुठूनही उघडून वाचता यावं. तुमच्या भाषेत सांगायचं तर पोथीची नक्कल, फक्त नकलणारा मधे डुलक्या घेत नाही. त्यांच्याकडे जुन्या वृत्तपत्रांतल्या विज्ञानकथांचं स्वतंत्र दालन आहे. तिथल्या एक बाई, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या, मला ‘सर’ म्हणतात आणि रागावतात.

‘सर, पुन्हा सावली आलीय. आणि कडेला तुमचा अंगठा आलाय.’

‘अंगठा राहू द्या. शिष्य हजर होता याचा पुरावा.’

‘सर, प्लीज. आणि दुसरं, त्या चंद्राच्या कथेखाली एक छोटीशी टीप टाकू या का? की वैज्ञानिकदृष्ट्या...’

‘नको.’

‘पण वाचकांची दिशाभूल...’

‘बाई, या कथेवर विसंबून साखऱ्यातलं कुणीही आजवर चंद्रावर गेलेलं नाही.’

त्या हसल्या. टीप रद्द झाली. मग म्हणाल्या, लेखकाच्या वारसांची संमती मात्र लागेल. ती रद्द होईना.

म्हणून मागच्या महिन्यात कळमनुरीला ताईंकडे गेलो. तुमची लेक आता आजी झाली आहे, आणि भुवया उंचावायची तुमची तऱ्हा तिच्याकडे आली आहे, त्यामुळे मी दारातच शाळकरी झालो. बाजाराचा दिवस होता. ताईंनी मला स्वयंपाकघरातच बसवलं, समोर मेथीची जुडी टाकली आणि म्हणाल्या, ‘रिकामे बसू नका, पानं खुडा.’ मी खुडत खुडत सगळं सांगितलं आणि छापून नेलेली पानं ओट्यावर ठेवली. त्यांनी त्यांना हात लावला नाही.

‘बाबा नको म्हणले व्हते.’

‘कधी?’

‘ते पत्र आलं त्या दिवशी. शाळेतून आले, सारा गठ्ठा काढला अन् चुलीपाशी आणून ठेवला. आईला म्हणले, घाल. आई म्हणली, अक्षर हाय त्याच्यावर, मी न्हाई घालायची चुलीत. तुमाला घालायचं असंल तं तुमी घाला, अन् आज भाकरी बी तुमीच थापा.’

‘मग?’

‘मग काय? भाकरी थापता येत न्हवती. राहिला गठ्ठा.’ ताई हसल्या नाहीत. ‘पण त्या दिवशी जेवले न्हाईत. म्हणले, हे पुन्हा कुणाच्या डोळ्याला पडू नये. तव्हा एक गाव हसलं. आता तुमी ते मोबाइलवर टाकणार, मंग सारं जग हसंल. गेलेल्या माणसाला काहून तकलीफ देऊन राहिले?’

मी शेवटचं पान त्यांच्यासमोर सरकवलं. ताईंनी हात पुसले, चष्मा शोधला, वाचलं. मग हाकेपाशी येऊन त्यांनी ती ओळ म्हटली, इतकी हळू की फोडणीच्या आवाजात मला पुढे वाकावं लागलं. ‘ए माय, ज्वारी आली वं.’ आणि म्हणाल्या, ‘असं म्हणायचे बाबा. ओरडायचे न्हाईत. छापायला द्यायच्या आधी आईला वाचून दाखवायचे, इथंच, भाकऱ्या चालू असताना. आई काही बोलायची न्हाई. एवढ्या एका ठिकाणी मान वर करायची.’

मेथी संपली होती. मी निघालो तेव्हा ताई दारात म्हणाल्या, ‘मी कोण व्हय म्हणणारी, अन् न्हाई तरी कोण? कथा त्यांच्या, नकार त्यांचा. तुमी त्यांनाच विचारा. काय म्हणतात ते मला येऊन सांगा, मंग मी सही करते.’ थट्टा होती की नव्हती, मला कळलं नाही. तुमच्या घराण्यात ते कधीच कळायचं नाही.

तर विचारतो. खरं सांगायचं तर विचारत नाही, कळवतो. तुमची आज्ञा मी मोडणार आहे, सर. नको म्हटलेली गोष्ट करायची खोड मला तुम्हीच लावलीत. आमच्या वस्तीतून संस्कृत घेणारा मी पहिला. माझे वडील म्हणाले, ‘काहून? ज्या भाषेनं आपल्याला दारात उभं केलं न्हाई, तिच्या घरात जाऊन तू काय करणार?’ त्यांच्या प्रश्नात खोट नव्हती, आणि मी तो आजही खोडून काढू शकत नाही. तुम्ही संध्याकाळी आमच्याकडे आलात, बाजेवर बसलात, चहा घेतलात. वडिलांनी पुन्हा तेच विचारलं. वाटलं, तुम्ही आता भाषेची थोरवी सांगाल. तुम्ही म्हणालात, ‘तुमचं बराबर आहे. त्या घरानं वाईटच वागवलं. म्हणून तर तुमचं पोरगं आत पाठवा. आत काय काय दडवून ठेवलंय ते एकदा बाहेरच्या माणसानं बघायला पाहिजे.’ वडिलांनी तुमच्या हातातली रिकामी कपबशी घेतली. मग मला म्हणाले, ‘जाय.’

दडवलेलं बाहेरच्या माणसानं बघायला पाहिजे, हे तुमचं वाक्य आहे, आणि मी ते तुमच्यावरच वापरतो आहे. लोक हसतील म्हणता? हसू द्या. विज्ञानाच्या सरांचं पत्रही मी संग्रहात घालतो आहे, तुमच्या कथेच्या शेजारी, तितक्याच आकारात. ते वर्गातल्याच एकाच्या, आरसा बसवलेल्या हजामतीच्या पेटीच्या तळाशी सापडलं. दोघेही बोला. वाचणाऱ्याला ठरवू द्या. तुम्हाला मात्र गप्प राहण्याची मुभा नाही. तुम्ही स्वतःच्या मालकीचे असाल, पण शनिवारचा शेवटचा तास आमचा होता. मंगळावरची विहीर आमची होती. विश्वात कुठेही मराठवाड्यातली माणसं जाऊ शकतात, तिथे जाऊन ज्वारी पेरू शकतात आणि पीक आल्यावर सगळ्यात आधी आईला सांगू शकतात, हे एका गावच्या चार पानी कागदावर कुणीतरी लिहिलं होतं. ते मागच्या बाकाच्या एका विनोदापायी पुठ्ठ्याला चिकटून राहावं, हे मला मान्य नाही. खळ कितीही घट्ट करा. मी केटली आणली आहे.

तुमच्या उत्तराची पद्धतही मी ठरवली आहे. गप्प बसलात तर मी होकार धरणार. हजेरी घेताना तुमचा नियम उलटा होता, आठवतं मला. नाव पुकारल्यावर गप्प बसला तो गैरहजर. पण आता हजेरी माझ्याकडे आहे.

हे पत्र ताईंना दाखवणार नाही. ते याच पुस्तकात राहील, कव्हराच्या आत, न चिकटवता. पुढच्या बाजाराच्या दिवशी कळमनुरीला जाईन, मेथी खुडायला बसेन आणि सांगेन, ‘सर हो म्हणाले. चिडून म्हणाले, पण म्हणाले.’ ताई भुवया उंचावतील. त्या तुमच्याच लेक, एवढ्यावर सोडणार नाहीत. म्हणतील, ‘कसे म्हणले? म्हणून दाखवा बरं.’

आणि तिथे मी अडणार आहे. दोस्त म्हणतो बासरी, ताई म्हणतात हळू, मी जाड म्हणालो होतो आणि भांडलोही होतो, पण ते नुसतं भांडायचं म्हणून. एकेक पान मी इतक्या वेळा वाचलं आहे की डोळे मिटून सांगेन, कुठल्या ओळीवर डाग आहे. हाकेपाशी येतो तेव्हा ती माझ्याच आवाजात येते. तुमचा आवाज मला आठवत नाही, सर. तो कधी गेला, तेही मला सांगता येत नाही.